धावपट्टीवरचा कारखाना



इतिहासाच्या पुस्तकात दुसरे महायुद्ध १९४५ साली संपते. पान उलटले की पुढचा धडा सुरू होतो. पण युद्धासाठी बांधलेल्या वस्तू काही पान उलटले म्हणून नाहीशा होत नाहीत. एकट्या इंग्लंडमध्ये युद्धाच्या काळात शेकडो नवे विमानतळ बांधले गेले. गव्हाची, बीटची शेते ताब्यात घेऊन तिथे मैलमैल काँक्रीट ओतले होते. शांतता झाल्यावर त्या काँक्रीटचे काय करायचे? या अंकात आपण अशाच एका विमानतळाची माहिती घेणार आहोत. त्याचे नाव हेथेल. तिथून पूर्वी बॉम्बफेकी विमाने उडत, आणि १९६६ पासून तिथे मोटारी तयार होतात.

हेथेल कुठे आहे?

इंग्लंडच्या नकाशावर पूर्वेकडे समुद्रात घुसलेला गोलसर फुगवटा दिसतो. त्यातला वरचा भाग म्हणजे नॉरफोक परगणा. त्याचे मुख्य शहर नॉरिच. नॉरिचपासून नैर्ऋत्येला दहा-बारा किलोमीटरवर हेथेल हे लहानसे खेडे आहे. जवळच्या गावाचे स्पेलिंग वाचले तर आपण 'वायमंडहॅम' म्हणू, पण तिथले लोक त्याला 'विंडम' म्हणतात. स्पेलिंगचे हाल फक्त आपलेच होतात असे नाही!

हा सगळा प्रदेश सपाट आहे, डोंगर नाहीत. शिवाय जर्मनी आणि हॉलंडकडे जायला इंग्लंडमधला हाच भाग सोयीचा. म्हणून १९४२ पासून अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाने आपले तळ मुख्यतः इथेच उभारले. हेथेलही अमेरिकनांसाठीच बांधला गेला.

तीन धावपट्ट्या का?

त्या काळच्या बॉम्बर विमानतळाचे हवेतून घेतलेले छायाचित्र पाहिले, तर तीन धावपट्ट्या एकमेकींना छेदून त्रिकोण करताना दिसतात. याचे कारण वारा. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडते आणि उतरते, कारण समोरून वारा आला की पंखांवरून हवा अधिक वेगाने जाते आणि कमी धावेत विमान उचलले जाते. वारा मात्र रोज दिशा बदलतो. तीन दिशांना पट्ट्या असल्या तर त्यातली एखादी वाऱ्याला बरीचशी जुळतेच. सर्वांत लांब पट्टी नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेत असे. तिची लांबी २,००० यार्ड, म्हणजे सुमारे १,८३० मीटर, आणि रुंदी १५० फूट. बाकीच्या दोन प्रत्येकी १,४०० यार्डांच्या. या तिन्ही पट्ट्यांना बाहेरून वेढा घालणारा एक काँक्रीटचा रस्ता असे. त्यावरून विमाने आपापल्या जागेवरून धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगेने जात. हा वेढ्याचा रस्ता लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

गवताचे मैदान का चालले नाही? हलकी लढाऊ विमाने गवतावरून उडू शकत. पण हेथेलवर होती बी-२४ लिबरेटर विमाने. चार इंजिने, प्रत्येक १,२०० अश्वशक्तीचे. पंखांचा विस्तार ११० फूट. बॉम्ब आणि पेट्रोल भरल्यावर वजन २५ टनांच्या वर जाई. नॉरफोकच्या पावसाळी चिखलात असले धूड पहिल्याच दिवशी रुतून बसले असते.

या लिबरेटरबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यातली निम्म्याच्या आसपास विमाने फोर्ड या मोटार कंपनीने बनवली. अमेरिकेत मिशिगन राज्यात विलो रन नावाच्या ठिकाणी फोर्डने मोठा कारखाना उभारला आणि मोटारी बनतात तशी विमाने एकामागून एक सरकत्या रांगेवर जोडायला सुरुवात केली. सुरुवातीला खूप हसे झाले, कारण विमान म्हणजे मोटार नव्हे. त्यात लाखो रिव्हेट असतात आणि आराखडा दर आठवड्याला बदलतो. पण १९४४ पर्यंत तिथून तासाला एक या वेगाने विमाने बाहेर पडू लागली. एकूण ८,६८५ झाली. म्हणजे अमेरिकेत मोटारवाल्यांनी बॉम्बर बनवले, आणि जिथून तसले बॉम्बर उडत त्या इंग्लंडमधल्या तळावर पुढे मोटारी बनल्या. युद्ध संपल्यावर विलो रनच्या कारखान्यातही कैसर-फ्रेझर कंपनीच्या मोटारी तयार झाल्या, पण ती कंपनी फार काळ टिकली नाही.

१९४३ ते १९४५

जून १९४३ मध्ये अमेरिकेचा ३८९ क्रमांकाचा बॉम्बर गट हेथेलला आला. नीट स्थिरस्थावर होण्याआधीच त्याला उत्तर आफ्रिकेत लिबियाला पाठवण्यात आले. तिथून १ ऑगस्ट १९४३ रोजी रुमानियातल्या प्लोएश्ती भागातील तेलशुद्धी कारखान्यांवर हल्ला झाला. जर्मन सैन्याचे बरेचसे इंधन तिथून येत असे. विमाने झाडांच्या शेंड्याइतकी खाली उडवायची होती. ३८९ गटाच्या वाट्याला कांपिना गावचा कारखाना आला. त्यात लॉइड ह्यूजेस नावाचा २२ वर्षांचा वैमानिक होता. लक्ष्यावर पोहोचण्याआधीच त्याच्या विमानाच्या टाक्या फुटल्या आणि पेट्रोलच्या धारा लागल्या. पुढे सगळीकडे आगीचे लोळ. वळून शेतात उतरणे शक्य होते, तरी तो पुढे गेला, बॉम्ब टाकले, विमानाने पेट घेतल्यावर नदीच्या कोरड्या पात्रात उतरण्याचा प्रयत्न केला. त्यात तो आणि त्याचे बहुतेक सहकारी गेले. अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक त्याला मरणोत्तर मिळाले. त्या एका दिवशी निघालेल्या सुमारे १७५ विमानांपैकी ५० हून अधिक परतली नाहीत.

तुमच्यापैकी बारावीला बसलेल्यांपेक्षा तो चार-पाच वर्षांनी मोठा होता, एवढेच.

त्यानंतर गट हेथेलला परतला आणि एप्रिल १९४५ पर्यंत तिथून उडत राहिला. हॉलिवूडचा प्रसिद्ध नट जेम्स स्टुअर्ट १९४४ मध्ये बदली होऊन हेथेलच्या वरिष्ठ कार्यालयात आला होता. तो आधी स्वतः लिबरेटर चालवून जर्मनीवर गेलेला अधिकारी होता, नुसता नावाचा नव्हे. नॉरफोकमधल्या या लिबरेटर तळांचे मुख्यालय हेथेलला लागूनच केटरिंगहॅम हॉल नावाच्या जुन्या वाड्यात होते. त्या मुख्यालयाच्या हाताखालचे सुमारे ७,००० जण युद्धात मेले. त्यांचे स्मारक म्हणून नॉरिचकरांनी आणि परतलेल्या सैनिकांनी मिळून पुतळा उभारला नाही, ग्रंथालय केले. ते १९६३ साली सुरू झाले, १९९४ च्या आगीत जळाले आणि पुन्हा उभे राहिले.

बडोद्याच्या वाचकांसाठी इथे थोडे थांबू. याच युद्धात ब्रिटिश हवाई दलाची १२४ क्रमांकाची तुकडी 'बडोदा स्क्वाड्रन' या नावाने ओळखली जाई, कारण तिच्यासाठी बडोदे संस्थानाने पैसे दिले होते. स्पिटफायर जातीची लढाऊ विमाने तिच्याकडे होती. १९४५ च्या आरंभी ती नॉरिचच्या उत्तरेला कोल्टिशॉलच्या तळावर होती. निजामाच्या देणगीमुळे हैदराबादचे नावही काही तुकड्यांना मिळाले होते. म्हणजे नॉरफोकच्या आकाशात तेव्हा आपल्या गावाचे नाव उडत होते. संस्थानच्या तिजोरीत तो पैसा कुठून आला हा प्रश्न मात्र आपण विचारायला हवा. तो शेवटी रयतेचाच होता.

काँक्रीटचे काय झाले?

युद्ध संपल्यावर काही काळ हेथेलवर पोलंडच्या वैमानिकांच्या तुकड्या होत्या, मग तळ बंद झाला. अशा तळांचे नशीब निरनिराळे ठरले. कित्येकांच्या धावपट्ट्या फोडून त्यांची खडी नव्या रस्त्यांखाली गेली. नॉरफोकमध्येच एका धावपट्टीवर टर्की कोंबड्यांच्या लांबच लांब खुराड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. काही ठिकाणी मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या, कारण वेढ्याचा काँक्रीट रस्ता म्हणजे आयता शर्यतीचा मार्ग. सिल्व्हरस्टोन हे नाव तुम्ही टीव्हीवर ऐकले असेल. तोही बॉम्बरचालकांच्या प्रशिक्षणाचा तळ होता. १३ मे १९५० रोजी जागतिक अजिंक्यपदाची पहिली फॉर्म्युला वन शर्यत तिथेच झाली. इंग्लंड हा शर्यतीच्या मोटारी बनवणारा देश कसा झाला याचे एक कारण या टाकून दिलेल्या विमानतळांत आहे. तरुण पोरांना जुन्या मोटारी ठोकठाक करून पळवायला फुकटात जागा मिळाली.

त्या पोरांपैकी एक कॉलिन चॅपमन. जन्म १९२८. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो स्थापत्य अभियांत्रिकी शिकला आणि तिथेच विद्यार्थ्यांच्या हवाई पथकात विमान चालवायलाही शिकला. १९४८ मध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीवर त्याने पहिली मोटार बांधली. १९५२ मध्ये मैत्रीण हेझेलकडून २५ पौंड उसने घेऊन कंपनी काढली. दोघांनी पुढे लग्न केले. पहिला कारखाना म्हणजे वडिलांच्या हॉटेलमागचा घोड्यांचा तबेला. कंपनीचे नाव लोटस, म्हणजे आपले कमळ. हे नाव का, ते त्याने शेवटपर्यंत लोकांना सांगितले नाही.

तबेला अपुरा पडला, नंतरची चेसहंट गावातली जागाही अपुरी पडली. मग १९६६ मध्ये चॅपमनने सगळे बिऱ्हाड हेथेलला हलवले. लंडनपासून दीडशे किलोमीटर दूर, शेतांच्या मधोमध कारखाना कशाला? एक तर जागा मोकळी आणि स्वस्त. दुसरे, चॅपमन स्वतःचे विमान घेऊन सरळ कारखान्याच्या दारात उतरू शकत असे. आणि तिसरे, बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर न जाता गाडीची चाचणी घेण्यासाठी धावपट्टी आणि तो वेढ्याचा रस्ता तयारच होता. त्यांचे तुकडे जोडून सुमारे साडेतीन किलोमीटरचा चाचणीमार्ग झाला. लोटसच्या शर्यती-संघाने पुढे केटरिंगहॅम हॉलमध्ये बस्तान बसवले. ज्या वाड्यात बॉम्बफेकीचे नकाशे पसरले जात, तिथे शर्यतीच्या गाड्यांचे आराखडे पसरले गेले.

विमानाकडून मोटारीकडे

आता थोडे विज्ञान. जागा विमानांची होती हा योगायोग मानता येईल. पण लोटसच्या मोटारींत विमानविद्या शिरली तो योगायोग नव्हता.

माणसाच्या शरीरात हाडे आत असतात आणि कातडी वर. खेकड्याला आतून हाडे नसतात. त्याचे कवचच त्याचा सांगाडा. जुन्या मोटारी माणसासारख्या होत्या, आत लोखंडी सांगाडा आणि वरून पत्र्याचे आवरण. विमाने मात्र १९३० नंतर खेकड्यासारखी झाली. पातळ पत्र्याचे पोकळ नळकांडेच सगळा भार पेलते. खात्री करायची असेल तर एक जुना कागद घ्या. तो सपाट धरून त्यावर पुस्तक ठेवले तर लगेच वाकेल. त्याची नळी करून चिकटवा, उभी करा आणि तेच पुस्तक अलगद वर ठेवा. कागद तोच, वजन तेवढेच, पण आकार बदलल्यामुळे ताकद आली. चॅपमनने १९६२ मध्ये लोटस २५ या शर्यतीच्या गाडीत हेच केले. तिने जिम क्लार्कला १९६३ चे अजिंक्यपद मिळवून दिले.

दुसरी गोष्ट पंखाची. विमानाचा पंख वरच्या बाजूला हवेचा दाब कमी करतो आणि विमान वर उचलले जाते. मोटारीला उलट हवे. वळणावर ती जमिनीला जितकी घट्ट धरून राहील तितक्या वेगाने वळू शकेल. १९७० च्या दशकात लोटसच्या अभियंत्यांनी गाडीच्या दोन्ही बाजूंचा तळ उलट्या पंखासारखा घडवला. गाडी आणि रस्ता यांच्यामधली जागा आधी अरुंद, मग रुंद होत जाते. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि वरची हवा गाडीला खाली दाबते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या वायुबोगद्यात यावर प्रयोग झाले. १९७८ मध्ये लोटस ७९ घेऊन मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला.

हा प्रयोग घरी करता येतो. वहीचे दोन कागद चार बोटांच्या अंतरावर समोरासमोर लोंबते धरा आणि त्यांच्या मधून जोरात फुंकर मारा. कागद दूर जातील असे वाटते. प्रत्यक्षात ते एकमेकांकडे ओढले जातात.

इथपर्यंत सगळे कौतुकाचे झाले. पण हलकेपणाची किंमतही सांगितली पाहिजे. चॅपमन गाडीतला प्रत्येक ग्रॅम काढून टाकायचा प्रयत्न करी, आणि त्याच्या गाड्या मोडतात अशी तक्रार चालकच करीत. जिम क्लार्क १९६८ मध्ये जर्मनीत लोटस चालवताना गेला. १९७० मध्ये मोंझा इथे सरावात योखेन रिंट गेला. त्याच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला असे मानले जाते. त्या वर्षीचे अजिंक्यपद त्याला मृत्यूनंतर मिळाले. पंखासारख्या तळाचेही तसेच. बाजूंनी हवा अडवणारी पट्टी जरा अडकली की खाली दाबणारे बळ एका क्षणात नाहीसे होई आणि गाडी वळणावरून सरळ बाहेर जाई. त्यामुळे १९८३ पासून फॉर्म्युला वनमध्ये गाडीचा तळ सपाट असण्याचा नियम आला. चॅपमन अलौकिक बुद्धीचा होता हे सगळे मान्य करतात. त्याने चालकांच्या जिवावर बेतेल इतकी घासाघीस केली का, यावर आजही दोन मते आहेत. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर, युद्धात वैमानिकाला धोका पत्करावाच लागतो, शर्यतीत तो तेवढाच पत्करायला लावणे बरोबर नव्हते.

चॅपमन १६ डिसेंबर १९८२ रोजी ५४ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्या वेळी डीलोरियन नावाच्या दुसऱ्या मोटार कंपनीच्या पैशांच्या गैरव्यवहारात लोटसचे नाव गुंतले होते. पुढे १९९२ मध्ये लोटसच्या एका माजी अधिकाऱ्याला त्यात तुरुंगवास झाला.

चॅपमननंतरचे हेथेल

कंपनी नंतर अनेकांच्या हाती गेली. १९८६ मध्ये अमेरिकेची जनरल मोटर्स, १९९३ मध्ये इटलीचा एक उद्योगपती, १९९६ मध्ये मलेशियाची प्रोटॉन, २०१७ मध्ये चीनची गीली. कारखाना मात्र हेथेललाच राहिला.

१९९६ ची एलिस ही गाडी इथे मुद्दाम सांगितली पाहिजे. तिचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांचा आहे आणि त्या वितळवून जोडलेल्या नाहीत, चक्क इपॉक्सीने चिकटवल्या आहेत. वितळवून जोडताना उष्णतेने अॅल्युमिनियम मऊ पडते, म्हणून पट्ट्या जाड घ्याव्या लागतात. चिकटवल्यास पातळ चालतात. ही युक्तीही विमानांचीच. सांगाड्याचे वजन फक्त ६८ किलो. म्हणजे एक धडधाकट माणूस! अख्खी गाडी सुमारे ७२५ किलोची, आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षा थोडीशीच जड. अमेरिकेच्या टेस्ला कंपनीला आपली पहिली विजेची गाडी बनवायची होती, तेव्हा तिने याच एलिसचा पाया निवडला. २००८ ते २०१२ या काळात ती रोडस्टर गाडी हेथेललाच जुळवली जाई, तिथून पुढे तिला बॅटरी आणि मोटर बसवली जाई.

एलिस २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी एमिरा आली. लोटसच्या जड विजेच्या गाड्या मात्र चीनमधल्या वुहानला तयार होतात. जून २०२५ मध्ये हेथेलचे उत्पादन थांबणार अशा बातम्या आल्या. कंपनीने तसे नाही म्हटले, पण ऑगस्टमध्ये ब्रिटनमधल्या ५५० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. नॉरफोकच्या त्या शेतीच्या भागात अशा कुशल कामाच्या नोकऱ्या फार नाहीत. आजोबा, वडील आणि मुलगा एकाच कारखान्यात, असे मोटारगावात असते तसे तिथेही आहे.

जुन्या तळाचे चॅपल, म्हणजे सैनिकांचे प्रार्थनागृह, हौशी लोकांनी दुरुस्त करून तिथे छोटे संग्रहालय केले आहे. भिंतीवर सैनिकाने रंगवलेली चित्रे अजून दिसतात. आणि गावच्या चर्चजवळ काट्याचे एक जुने झाड आहे, हेथेलचा म्हातारा काटा. ते ७०० वर्षांहून जुने असल्याचे सांगतात. नॉरफोकच्या निसर्गसंस्थेचे ते सर्वांत लहान राखीव क्षेत्र आहे, एका झाडाएवढे. लिबरेटर आले, गेले, मोटारी आल्या, ते तिथेच आहे.

करून पाहा

१. मुख्य धावपट्टी १,८३० मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद होती. तिचे क्षेत्रफळ काढा. आपल्या शाळेचे मैदान पावलांनी मोजून त्यात ते किती वेळा बसेल ते सांगा.

२. एलिसचे इंजिन ११८ अश्वशक्तीचे होते, मारुती ८०० चे सुमारे ३७. मारुतीचे वजन ६५० किलो धरून दर १०० किलोमागे प्रत्येक गाडीची अश्वशक्ती काढा.

३. तुमच्या गावात किंवा जवळपास युद्धाच्या काळातली, आता दुसऱ्याच कामासाठी वापरली जाणारी एखादी जागा आहे का? छावणी, गोदाम, धावपट्टी, काहीही चालेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि दहा ओळी लिहून आणा. चांगल्या नोंदी पुढच्या अंकात घेऊ.